उत्तराची वाट पाहणारा संत

आजचं वाचन : गलतीकरांस पत्र, अध्याय २, वचने ११ ते १४



आजचा शास्त्रभाग वाचताना थोडं अवघडल्यासारखं होतं. अंत्युखिया शहरात प्रेषित पौल सगळ्यांसमोर पेत्राला त्याची चूक दाखवतो. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर एका पंगतीत जेवत होता. मग याकोबाकडची काही माणसं आली आणि हा हळूच बाजूला सरकला. पौलाने ते पाहिलं आणि तोंडावर बोलून दाखवलं. ज्यांच्या नावाने आपण चर्च बांधतो त्या दोघांचं असं जाहीर भांडण, आणि तेही बायबलमध्ये लिहून ठेवलेलं!

या चार वचनांवरून पुढे आणखी दोन संतांचं वाजलं, तेही जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी. एक संत ऑगस्टीन, दुसरे संत जेरोम. आजचं मनन ऑगस्टीनवर आहे. खरं सांगायचं तर ते माझ्यावरही आहे, पण ते शेवटी सांगते.

सुरुवात एका कच्च्या चित्रापासून करू या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विट्टोरे कार्पाच्चो या व्हेनिसच्या चित्रकाराचं एक जुनं रेखाटन आहे. मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर मोठं करून करून पाहिलंय. कागदावर शाईने काढलेली एक खोली, टेबल, पुस्तकं, आणि खिडकीकडे वळलेला एक माणूस. हा माणूस म्हणजे ऑगस्टीन. तो पत्र लिहायला बसलाय आणि त्याच क्षणी त्याला दर्शन होतंय.

या रेखाटनावरून कार्पाच्चोने १५०२ च्या सुमारास मोठं चित्र रंगवलं. ते आजही व्हेनिसमध्ये, दाल्मेशियाहून तिथे येऊन राहिलेल्या लोकांच्या धर्मबंधुसंघाच्या इमारतीत आहे. रंगवलेल्या चित्रात जमिनीवर एक छोटा पांढरा कुत्रा बसलाय आणि तोही उजेडाकडे पाहतोय. फार गोड आहे तो. पण कच्च्या चित्रात तो कुत्रा नाहीच! त्याच्या जागी वेगळाच कुठला तरी प्राणी आहे. कोणी त्याला मुंगसासारखा अर्मिन म्हणतं, कोणी मांजर. म्हणजे चित्रकाराचं अजून ठरत होतं. काय ठेवायचं, काय पुसायचं, हे तो कागदावर शोधत होता.

ऑगस्टीनचं आयुष्य मला या कच्च्या चित्रासारखं वाटतं. काढलेलं पुसलं, पुन्हा काढलं. आपण त्याला थोर संत म्हणून ओळखतो, पण त्याने स्वतःची खाडाखोड कधी लपवली नाही.

त्याचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ चा, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावातला. आज ते अल्जेरियात आहे आणि त्याचं नाव सूक अहरास. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. वडील पात्रिसियस मूर्तिपूजक, तापट, पण मुलाने शिकावं म्हणून ऐपतीबाहेर खर्च करणारे. पैशाअभावी एक वर्ष शिक्षण थांबलं आणि सोळा वर्षांचा ऑगस्टीन घरी रिकामा बसला. त्याच वर्षी मित्रांच्या टोळक्याबरोबर त्याने शेजारच्या बागेतली नाशपाती चोरली. भूक नव्हती. फळंही काही खास नव्हती. बरीचशी डुकरांपुढे टाकली. पुढे चाळिशी ओलांडल्यावर त्याने आत्मकथन लिहिलं तेव्हा या चोरीवर पानंच्या पानं खर्च केली. त्याला छळणारा प्रश्न एकच होता, की काही मिळणार नसताना माणूस वाईट का करतो? एकट्याने आपण ते केलंच नसतं, हेही त्याने ओळखलं. टोळकं बरोबर होतं म्हणून हात धजावला.

ग्रुपमध्ये असलो की आपणही असेच शूर होतो, नाही का?

पुढे कार्थेज. मोठं शहर, नाटकं, मित्र, प्रेम. तिथे एका स्त्रीबरोबर तो राहू लागला आणि त्यांना मुलगा झाला. मुलाचं नाव अदिओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. लग्न झालं नव्हतं, पण पुढची जवळपास पंधरा वर्षं तो तिच्याशी एकनिष्ठ राहिला. तिचं नाव त्याने कुठेच लिहिलेलं नाही. याच काळात तो मानी पंथाकडे वळला. जगात चांगलं आणि वाईट अशा दोन शक्ती झगडताहेत, हे त्यांचं सांगणं या बुद्धिमान मुलाला पटलं. बायबलची भाषा त्याला साधी, अडाणी वाटली. नऊएक वर्षं तो त्या पंथात होता.

मोनिका रडत राहिली आणि प्रार्थना करत राहिली. मुलगा रोमला निघाला तेव्हा बंदरावर तिने त्याला धरून ठेवलं. मित्राला निरोप द्यायचाय अशी थाप मारून तो रात्रीच जहाजात बसला आणि निघून गेला. सकाळी किनाऱ्यावर आई एकटी!

३८४ मध्ये मिलानला त्याला वक्तृत्वाच्या शिक्षकाची मोठी सरकारी नोकरी मिळाली. तिथले बिशप अम्ब्रोज यांची प्रवचनं तो ऐकायला जायचा, तेही आधी फक्त बोलण्याची शैली बघायला. पण शब्दांबरोबर अर्थही आत शिरत गेला. मोनिकाही समुद्र ओलांडून मागोमाग आली. चांगल्या घराण्यातली मुलगी बघून त्याचं लग्न ठरवलं गेलं. त्यासाठी मुलाच्या आईला आफ्रिकेला परत पाठवलं. ती एकटी गेली, मुलगा इकडेच राहिला. ऑगस्टीनचं काळीज फाटलं, पण त्याने तिला थांबवलं नाही. संताच्या चरित्रात हे लिहिताना माझाही हात अडखळतो. पण त्याने स्वतःच ते लिहून ठेवलंय, मग मी का झाकू?

३८६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस मिलानमधल्या बागेत तो अंजिराच्या झाडाखाली रडत पडला होता. जुनं सुटत नव्हतं, नवं धरवत नव्हतं. शेजारच्या घरातून लहान मुलाचा खेळातला आवाज ऐकू आला, पुन्हा पुन्हा वाचायला सांगणारा. त्याने पौलाची पत्रं उघडली आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटी नजर गेली. रंगेलपणा, भांडणं आणि मत्सर टाकून ख्रिस्त परिधान करायला तिथे सांगितलंय. तेवढं एकच वाक्य त्याला पुरलं. ३८७ च्या पास्काच्या रात्री अम्ब्रोजच्या हातून त्याचा आणि अदिओदातुसचा एकत्र बाप्तिस्मा झाला.

त्या वचनातला एक शब्द माझ्याकडून नेहमी निसटायचा : भांडणं. ऑगस्टीनच्या परिवर्तनाची गोष्ट सांगताना आपण वासनेबद्दलच बोलतो. पण त्याच यादीत भांडण आणि मत्सरही आहेत. पहिली सवय त्या बागेत सुटली. दुसरी सुटायला मात्र पुढचं अख्खं आयुष्य लागलं.

आफ्रिकेला परतताना रोमजवळच्या ओस्तिया बंदरात सगळे थांबले होते. तिथे एका संध्याकाळी आई आणि मुलगा खिडकीत टेकून बागेकडे पाहत बोलत होते. स्वर्गातल्या संतांचं जीवन कसं असेल, यावर. बोलता बोलता दोघांची मनं वर वर गेली आणि क्षणभर दोघांनी त्या सार्वकालिकाला स्पर्श केला, असं त्याने लिहून ठेवलंय. थोड्याच दिवसांत मोनिका तापाने गेली. छप्पन्नाव्या वर्षी. दोनतीन वर्षांत अदिओदातुसही गेला, जेमतेम सोळासतरा वर्षांचा.

ही ओस्तियाची खिडकी लक्षात ठेवा. ती आपल्याला परत लागणार आहे.

३९१ मध्ये तो हिप्पो या बंदराच्या शहरात, म्हणजे आजच्या अल्जेरियातल्या अन्नाबात, सहज गेला होता. म्हाताऱ्या बिशपना मदतीला धर्मगुरू हवा होता. लोकांनी ऑगस्टीनला पकडून पुढे नेलं. तो रडत होता. लोकांना वाटलं, बिशप न करता नुसता धर्मगुरू करताहेत म्हणून रडतोय! चारपाच वर्षांत बिशपही झाला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

आता आजच्या शास्त्रभागाकडे येऊ.

त्या काळी बेथलेहेममध्ये जेरोम राहत होते. वयाने मोठे, तीन भाषांचे पंडित, मूळ हिब्रूवरून बायबल लॅटिनमध्ये आणणारे आणि जिभेने अतिशय तिखट. गलतीकरांस पत्रावर त्यांनी भाष्य लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की अंत्युखियातलं ते भांडण खरं नव्हतंच. पेत्र आणि पौलाने लोकांच्या भल्यासाठी ते ठरवून केलं. ऑगस्टीनला हे वाचून धक्का बसला. पवित्र शास्त्रात सोयीचं खोटं एकदा मान्य केलं, तर मग कुठल्या वचनावर भरवसा ठेवायचा?

मुद्दा बरोबर होता. ३९५ च्या आसपास त्याने जेरोमना पत्र लिहिलं. पण ज्याच्या हाती ते द्यायचं तो मित्र वाटेला लागण्याआधीच बिशप झाला आणि लवकरच वारला. पत्र पोचलंच नाही. दोनेक वर्षांनी ऑगस्टीनने दुसरं लिहिलं. त्यात जेरोमनी आपलं म्हणणं जाहीरपणे मागे घ्यावं, असंही सुचवलं. हे नेणाऱ्या माणसाला ऐन वेळी समुद्राची भीती वाटली आणि तो गेलाच नाही. पण पत्राच्या नकला झाल्या. रोममध्ये, इटलीत ते हातोहात फिरलं. जेरोमच्या ओळखीच्या एका डीकनला एड्रियाटिक समुद्रातल्या एका बेटावर त्याची प्रत सापडली. ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं त्यांच्याकडे ते अशा आडवाटेने, बऱ्याच उशिरा पोचलं. तोवर सगळ्या जगाने वाचून झालं होतं.

आजच्या भाषेत सांगायचं तर खाजगी मेसेजचा स्क्रीनशॉट सगळीकडे फिरला आणि ज्याला पाठवायचा त्याच्याकडे तो शेवटी आला.

जेरोम भडकले. हा आफ्रिकेतला तरुण माझ्यावर टीका करून नाव कमावू पाहतोय, असं त्यांना वाटलं. ते पत्र खरंच तुझंच का, सहीची प्रत पाठव, असं त्यांनी कळवलं. म्हाताऱ्याला डिवचू नकोस, दमलेला बैल पाय जास्तच घट्ट रोवतो, अशी तंबीही दिली. मधेच भाषांतराचा वाद पेटला. ओया शहरात, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, बिशपनी जेरोमचं नवं भाषांतर वाचून दाखवलं. योना संदेष्ट्याच्या गोष्टीत त्याच्या डोक्यावर सावली धरणारा भोपळ्याचा वेल लोकांच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला. नव्या भाषांतरात तो आयव्ही झाला! एवढ्यावरून चर्चमध्ये असा गोंधळ उडाला, की बिशपवर कळप गमावण्याची पाळी आली. ऑगस्टीनने हे जेरोमना कळवलं. ते वाचून जेरोमना काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

इथपर्यंत ऑगस्टीन मला माझ्यासारखाच वाटतो. मुद्द्याचा पक्का, थोडा आगाऊ, आणि आपण बरोबर आहोत याची खात्री असलेला.

पण पुढे तो बदलला.

त्याला कळलं की आपला शब्द एका म्हाताऱ्या माणसाला लागलाय. मग त्याने क्षमा मागितली. नुसतं वाईट वाटून घ्या म्हणून नाही, तर आपल्या ज्या पत्राने त्यांना दुखावलं त्याबद्दल, स्पष्ट. त्याच पत्रात त्याने आणखी एक दुःख सांगितलं. जेरोम आणि रुफिनस हे एकेकाळचे जिवलग मित्र, आता सगळ्यांसमोर एकमेकांना बोचकारत होते. इतकी जुनी मैत्री अशी तुटू शकते, तर कुठल्या मित्राचा भरवसा धरायचा, या विचाराने तो हादरला होता. ते दोघे एकत्र कुठे भेटले असते तर त्यांच्या पायांवर पडून रडलो असतो, असं तो म्हणाला. ४०५ च्या लांबलचक पत्रात त्याने आपला मुद्दा सोडला नाही. पेत्र खरंच चुकला होता आणि पौल खरंच बोलला होता, हेच त्याने पुन्हा मांडलं. पण त्याच पत्रात हेही कबूल केलं, की चर्चच्या मानाने बिशप धर्मगुरूपेक्षा वरचा असला तरी पुष्कळ बाबतींत हा ऑगस्टीन जेरोमपेक्षा लहान आहे.

मग पेत्राबद्दल त्याने एक फार सुंदर गोष्ट दाखवली. पौलाने धीटपणे सांगितलं हे मोठंच. पण आपल्यापेक्षा नंतर आलेल्याकडून पेत्राने ते नम्रपणे ऐकून घेतलं, हे त्याहून मोठं आणि जास्त दुर्मीळ. मी आजपर्यंत हा भाग नेहमी पौलाच्या बाजूने वाचला होता. पेत्राच्या बाजूने वाचायला मला ऑगस्टीनने शिकवलं.

नंतर जवळपास दहा वर्षं दोघांचा पत्रव्यवहार थांबला. ४१५ मध्ये ऑगस्टीननेच पुन्हा लेखणी उचलली. ओरोसियस नावाच्या तरुण धर्मगुरूला त्याने बेथलेहेमला पाठवलं, दोन लेखांसह. या वेळी चूक दाखवायला नाही, विचारायला. माणसाचा आत्मा कुठून येतो हे मला कळत नाही, तुम्ही शिकवा, असं त्याने विचारलं. एवढा मोठा बिशप, साठीला आलेला, आणि विद्यार्थ्यासारखा विचारतोय! जेरोमनी प्रेमाने कळवलं की काळ कठीण आहे, आत्ता उत्तर देणं जमणार नाही. खरोखरच कठीण काळ होता. वर्षभरातच बेथलेहेममधल्या त्यांच्या मठांवर हल्ला होऊन आग लावली गेली. जेरोमची दृष्टीही मंदावत चालली होती. रात्री दिव्याच्या उजेडात हिब्रू अक्षरं वाचवत नव्हती. पण ऑगस्टीनबद्दलचा कडवटपणा गेला होता. शेवटच्या पत्रांत त्यांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. पेलागियसच्या शिकवणीविरुद्ध लिहिताना तर त्यांनी पेत्राची चूक खरी चूक म्हणूनच मांडली. वाद कोणी जिंकला, याचा त्यांनी कुठे उल्लेखही केला नाही.

ऑगस्टीनने तो आत्म्यावरचा लेख जेरोम हयात असेपर्यंत प्रसिद्ध केला नाही. उत्तर येईल आणि मग दोन्ही एकत्र देता येतील, म्हणून तो वाट पाहत राहिला. ४२० च्या सुमारास जेरोम गेले. उत्तर आलंच नाही. हे दोघे आयुष्यात एकदाही भेटले नाहीत.

आता ते दर्शन. ही कथा दोघांच्या कितीतरी नंतर, मध्ययुगात, ऑगस्टीनच्याच नावाने लिहिलेल्या एका पत्रात येते. पत्र त्याचं नाही, त्यामुळे हा इतिहास नव्हे. पण लोकांनी ही कथा प्रेमाने जपली. कथा अशी : हिप्पोमध्ये ऑगस्टीन संध्याकाळच्या प्रार्थनेच्या सुमारास आपल्या खोलीत बसला होता. स्वर्गातल्या संतांच्या आनंदावर त्याला लिहायचं होतं. त्याआधी जेरोमचं मत विचारावं म्हणून त्याने पत्र लिहायला घेतलं. तेवढ्यात खोली प्रकाशाने आणि सुगंधाने भरली आणि एक आवाज आला. सगळा समुद्र एका छोट्या भांड्यात मावेल का, अशा अर्थाचं काहीतरी त्याने विचारलं. तो आवाज जेरोमचा होता. त्याच घटकेला बेथलेहेममध्ये त्यांचा प्राण गेला होता.

कार्पाच्चोने तो क्षण रंगवलाय. ऑगस्टीनच्या हातात लेखणी तशीच वर राहिलीय, नजर खिडकीकडे, आणि उजेडाने वस्तूंच्या सावल्या जमिनीवर पडल्यात. मला इथे ओस्तियाची खिडकी आठवते. तिथेही विषय संतांच्या आनंदाचाच होता. तिथे आई बोलायला शेजारी होती आणि लवकरच गेली. इथे दूरचा मित्र, पत्र पोचायच्या आत गेलेला.

या चित्राची आणखी एक गंमत. कित्येक वर्षं लोक चित्रातल्या माणसाला जेरोमच समजत होते. तो ऑगस्टीन आहे, हे हेलन रॉबर्ट्स या अभ्यासिकेने १९५९ मध्ये दाखवून दिलं. आयुष्यभर वाद घातलेले दोघे चित्रात ओळखू येईनासे झाले होते!

जेरोमनंतर ऑगस्टीन दहा वर्षं जगला. शेवटच्या काळात त्याने आपलीच सगळी पुस्तकं पुन्हा हातात घेतली आणि एकेक करून कुठे चुकलो, कुठे घाई केली ते लिहून काढलं. ४३० मध्ये वँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. तो तापाने अंथरुणाला खिळला. पश्चात्तापाची स्तोत्रं मोठ्या अक्षरांत लिहवून त्याने समोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि पडल्या पडल्या ती वाचत रडायचा. २८ ऑगस्ट ४३० रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी तो गेला. मृत्युपत्र केलं नाही, कारण देण्यासारखं काही नव्हतं. पुस्तकं तेवढी नीट सांभाळा, असं मात्र सांगून ठेवलं होतं.

आता माझं सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पॅरिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सरांनी एका शास्त्रभागाचं स्पष्टीकरण टाकलं. त्यांनीच मला लहानपणी शनिवारी दुपारी बायबल शिकवलं. वचनं कशी शोधायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांच्या स्पष्टीकरणात चूक होती. मी ग्रुपवरच चार मुद्दे काढून उत्तर दिलं आणि शेवटी हसणारं तोंड लावलं. दोनशेच्या वर माणसं होती ग्रुपमध्ये. अंगठे आले, काहींनी ते दुसऱ्या ग्रुपवर पाठवलं. संध्याकाळी सर ग्रुप सोडून गेले. मी बरोबर होते. आजही तपासलं तर मीच बरोबर आहे. आणि तीन वर्षं मी या बरोबर असण्याला धरून बसलेय.

त्यांना लिहिलेले मेसेज माझ्या फोनमध्ये कच्चेच पडून आहेत. एकात नुसतं सॉरी आहे. एकात सॉरी आहे आणि खाली मुद्दा पुन्हा समजावलाय. तो मी स्वतःच पुसला.

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, सरांना आता बारीक अक्षर दिसत नाही, फोन त्यांची सून बघते. म्हणजे माझा मेसेज आधी सून वाचणार आणि मग त्यांना वाचून दाखवणार. पुन्हा माझं बोलणं दुसऱ्याच्या हातून त्यांच्यापर्यंत जाणार! ते ऐकलं आणि मी या रेखाटनाकडे परत गेले. ऑगस्टीनला बेथलेहेम गाठणं सोपं नव्हतं. मला लोकलने दीड तास आणि पुढे रिक्षा.

रविवारच्या मिस्सानंतर मी जाणार आहे. बरोबर काय न्यायचं ते ठरवलंय : मोठ्या अक्षरांचं बायबल. त्यांना वाचून दाखवेन, आजचाच भाग. आणि पेत्राबद्दल तुम्हाला काय वाटतं, असं विचारेन. यावेळी उत्तर संपेपर्यंत मधे बोलणार नाही. ते दार उघडतील की नाही, माहीत नाही. पण उत्तर आलं नाही म्हणून ऑगस्टीनने लेखणी खाली ठेवली नव्हती.

आजसाठी एक छोटी कृती : तुमच्या फोनमध्येही कोणाला तरी लिहून न पाठवलेलं काही असेल. ते उघडा. त्यातलं स्वतःला बरोबर ठरवणारं वाक्य तेवढं पुसा. उरलेलं पाठवा. शक्य असेल तर स्वतः जा.

आजची प्रार्थना : हे प्रभू येशू, खरं बोलताना आम्हाला पौलाचं धैर्य दे आणि खरं ऐकताना पेत्राची नम्रता दे. ज्यांना आमचे शब्द लागले त्यांच्यापर्यंत आम्हाला वेळेत पोचव. तुझा उजेड आमच्या खिडकीत येईल तेव्हा आमच्या हातात क्षमेचं पत्र असू दे. आमेन.

उद्या भेटू, पुढच्या वचनांसह. आणि रविवारी माझ्यासाठी प्रार्थना करा.